अंगठ्याशेजारची सही

चामराजपेटच्या तुंगाबाई महेंद्रकरांना पाच भाषा येतात. मराठी घरची. कन्नड शाळेतली, तीही सातवीपर्यंतची. तमिळ आणि तेलुगू शेजारपाजारच्या. आणि दख्खनी उर्दू नवऱ्याच्या दुकानातली, कारण पुरुषोत्तमरावांच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करायला बसणारे कारागीर सगळे मार्केटमागच्या मोहल्ल्यातले. पाच भाषांत भांडता येतं, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. पण बंगळूरच्या त्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात या भाषांचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पुरुषोत्तमराव त्याच हॉस्पिटलात वारले. आठ महिने आजारपण चाललं होतं. तेवढ्यात तुंगाबाईंना तिथला प्रत्येक जिना, प्रत्येक खिडकी पाठ झाली. ते गेल्यावर महिनाभर त्या घरात बसून राहिल्या आणि मग एका सोमवारी डबा भरून पुन्हा हॉस्पिटलात जाऊन उभ्या राहिल्या. रायचूरहून, अनंतपूरहून, होसूरकडून आलेली माणसं हातात फाइल धरून भांबावलेली असायची. रक्त कुठं द्यायचं, टोकनवर कुठला नंबर बघायचा, डॉक्टर बोलले त्याचा अर्थ काय, ते तुंगाबाई त्यांना त्यांच्या भाषेत सांगू लागल्या. दोन-तीन महिन्यांनी हॉस्पिटलनं त्यांना मदत कक्षात एक खुर्ची दिली आणि अंगात घालायला निळा कोट दिला. पगार नाही, दुपारचा चहा तेवढा. बनशंकरीला राहणारा मुलगा रविकुमार कुरकुरला, "अम्मा, ज्या जागेनं अप्पाला नेलं तिथंच काय जाऊन बसतेस?" त्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि निघाल्या.

दिव्यश्री तिथंच भेटली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हासनकडची पोर, सदा धावपळीत. नवी औषधं माणसांवर कितपत चालतात याचे जे अभ्यास हॉस्पिटलात चालत, त्यांची कागदपत्रं ती सांभाळायची. एक दिवस ती तुंगाबाईंसमोर येऊन बसली आणि कन्नडात म्हणाली, "अक्का, तुमची एक मदत हवी."

मदत अशी होती. अभ्यासात माणूस घ्यायचा तर त्याची संमती लागते. संमतीचा कागद चौदा पानांचा. ज्याला वाचता येतं तो वाचून सही करतो. ज्याला येत नाही त्याला तो वाचून दाखवायचा आणि त्याचा अंगठा घ्यायचा. पण त्या वेळी एक तिऱ्हाईत माणूस तिथं बसलेला पाहिजे. तो ना हॉस्पिटलच्या पगारावरचा, ना अभ्यासातला. सगळं नीट वाचलं गेलं, समजावलं गेलं, कुणी दमदाटी केली नाही, हे त्यानं डोळ्यांनी बघायचं आणि अंगठ्याशेजारी सही करायची. कायद्यात त्याला निष्पक्ष साक्षीदार म्हणतात.

तुंगाबाईंना हे फार आवडलं. आयुष्यात त्यांच्या सहीला कधी किंमत आली नव्हती. रेशनकार्डावर नवरा, घराच्या कागदावर सासरा, बँकेत मुलगा. आता चौदा पानांच्या कागदावर, डॉक्टरच्या सहीच्या वर, त्यांची सही. पहिल्या खेपेला त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. दिव्यश्रीनं चाळीस मिनिटं वाचलं. मधे पेशंटला पाणी दिलं, पुन्हा वाचलं. तुंगाबाईंनी दोन ठिकाणी थांबवून स्वतःच प्रश्न विचारले आणि दिव्यश्रीनं उत्तरं दिली. सगळं कसं रीतीनं झालं.

पण कुठलीही गोष्ट पंधरा वेळा केली की हात चालतो आणि मन घरी असतं. दिव्यश्रीला पानं पाठ झाली. तुंगाबाईंनाही झाली. चाळीस मिनिटांची तीस झाली, तिसाची वीस. ओपीडीत गर्दी, बाहेर बसलेले लोक, डॉक्टरांचा फोन. "हे पान रक्ततपासणीचं आहे, ते तर तुम्हाला माहीतच आहे," असं म्हणून दिव्यश्री पान उलटायची. त्यात लबाडी नव्हती. तीन माणसांचं काम एकटीच्या अंगावर पडलेलं होतं. तुंगाबाईंनाही ते दिसत होतं, म्हणून त्या गप्प बसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी यल्लाप्पा आले.

यल्लाप्पा बेळगावजवळच्या खानापूरकडचे. पस्तीस वर्षांपूर्वी गवंडीकाम करत बंगळूरला आले आणि बोम्मसंद्राच्या निम्म्या कारखान्यांच्या भिंती मीच बांधल्या म्हणायचे. मुलगा नागराज तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर होता. बायको कधीच गेलेली. आता पोटाचा कॅन्सर यकृतात उतरला होता. सलाइनमधून द्यायचं औषध देऊन झालं होतं, त्यानं जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं. अंगानं वाळले होते, पण हात अजून गवंड्याचेच, रुंद, नखांच्या कडा फुटलेल्या. मराठी ऐकून त्यांना एवढं बरं वाटलं की तुंगाबाईंचं नाव विचारायच्या आधी त्यांनी माहेर विचारलं.

त्या अभ्यासातलं औषध तसं जुनं, दुसऱ्या एका आजारावर वर्षानुवर्षं दिलं जाणारं. पोटाच्या कॅन्सरला ते काही उपयोगी पडतं का, ते बघायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नाही. बाकीचे उपचार दोघांनाही सारखे. दर चौदा दिवसांनी यायचं, रक्त द्यायचं, तपासून घ्यायचं.

दुपारचे दोन वाजत आले होते. दिव्यश्रीनं सुरुवात केली, औषधाचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, त्रास काय होऊ शकतो ते भराभर सांगितलं. तुंगाबाई मराठीत करून सांगत होत्या. इतक्यात तिचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलता तिनं तीन-चार पानं एकामागून एक उलटली आणि फोन ठेवून म्हणाली, "बाकी सगळं नेहमीचंच आहे. काही विचारायचंय का, अण्णा?"

यल्लाप्पांनी दिव्यश्रीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं आणि मग तुंगाबाईंना विचारलं, "अक्का, तुमी आपल्यातल्या. तुमी काय म्हणता?"

साक्षीदारानं सल्ला द्यायचा नसतो, हे तुंगाबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. पण समोरच्या माणसाच्या नजरेत असा काही भरवसा होता की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर चांगले आहेत, अण्णा. तुमचं वाईट व्हावं असं इथं कुणाला वाटत नाही."

"मग सरी, बरं तर," असं म्हणून यल्लाप्पांनी अंगठा पुढं केला. शाईचा ठसा उमटला. शेजारी तुंगाबाईंनी आपली झोकदार सही केली. त्या सहीच्या वर छापलेलं होतं, की ही सर्व माहिती माझ्यासमक्ष पूर्णपणे वाचून दाखवण्यात आली.

सुरुवातीचे दोन महिने बरे गेले. यल्लाप्पा चौदा दिवसांनी यायचे आणि आले की मदत कक्षाशी थांबून दोन शब्द बोलायचे. खानापूरकडं त्यांची थोरली बहीण होती, पंचाहत्तरीची. तिच्याकडं जायचं त्यांच्या मनात होतं. एप्रिलमध्ये ते म्हणाले, पुढच्या खेपेनंतर जाईन. मग ती खेप झाली आणि तळहात सोलायला लागले. मग जुलाब सुरू झाले. गोळीनं की आजारानं, ते कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी गोळी आठ दिवस थांबवली, पुन्हा कमी करून सुरू केली. मे महिन्याच्या शेवटी नागराजनं त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. बोम्मसंद्राहून यायला दोन तास लागले होते आणि वाटेत दोनदा धोतर बदलावं लागलं होतं.

नागराज रक्ताच्या खिडकीशी रांगेत उभा होता. तुंगाबाई यल्लाप्पांजवळ जाऊन बसल्या.

"बहिणीकडं गेलात का नाही, अण्णा?"

"कसा जाऊ? चौदा दिसांनी यायचं असतंय न्हवं."

"मग स्वल्प दिवस नाही आलात तर काय होतं?"

यल्लाप्पांनी आपला उजवा हात वर केला. तळव्याची कातडी पापुद्र्यासारखी सुटली होती. "अक्का, अंगठा दिलाय म्या. जन्मात अंगठा देऊन माघारी फिरलो न्हाई. काम पुरं झाल्याबिगर भिंत सोडली न्हाई कुणाची. आता मेल्यावरच सुटायचं."

चौदा पानांतलं अकरावं पान त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या खेपेला दिव्यश्रीनं ते दोनदा वाचलं होतं. 'तुम्ही या अभ्यासातून कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता बाहेर पडू शकता. त्यामुळे तुमच्या पुढच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही.' आणि फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी हे पान वाचलंच गेलं नव्हतं. फोन चालू असताना जी पानं उलटली त्यात ते गेलं होतं. तुंगाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी ते उलटताना बघितलं होतं आणि खाली सही केली होती.

त्या उठून थेट दिव्यश्रीच्या खोलीत गेल्या.

"मी सांगितलंच असेल की, अक्का," दिव्यश्री म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते."

"नाही सांगितलंस. फोन आला होता तुझा."

दिव्यश्रीचा चेहरा उतरला. तिनं दार लोटून घेतलं. "हळू बोला. आता हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. आणि त्या अण्णांना आता सांगून काय करायचं? कदाचित ते खऱ्या गोळीवर असतील, कदाचित तीच त्यांना धरून असेल. तुम्हाला माहीत आहे का? मलाही माहीत नाही. सोडा म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवसांत काही झालं तर?"

त्या दिवशी तुंगाबाई तशाच घरी आल्या.

पुढचे चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. आणि खोटं कशाला बोला, आठवत होते ते यल्लाप्पा नव्हते, पुरुषोत्तमराव होते. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं, "तुंगा, मी यातून उठणार नाही ना?" आणि तुंगाबाईंनी सांगितलं होतं, "काहीतरीच काय बोलता? डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दुकानात बसाल." डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. डॉक्टरांनी तुंगाबाईंना आणि रविकुमारला बाहेर बोलावून खरं सांगितलं होतं आणि दोघांनी मिळून ते गिळून टाकलं होतं. पुरुषोत्तमरावांनी त्यानंतर विचारलं नाही. दुकानाचं काय करायचं, कोणाला काय सांगायचं, काहीच बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे आता कधीच कळायचं नाही. माणसाला त्याचंच मरण कुणी सांगायचं, आणि न सांगण्याचा हक्क कुणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून तुंगाबाईंच्या काळजात काट्यासारखा राहिला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी बोम्मसंद्राची बस धरली. नागराजचं घर शोधायला तासभर लागला. नागराज कामावर गेलेला, सून पाणी भरायला. यल्लाप्पा खाटेवर पडून होते. तुंगाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"अण्णा, त्या दिवशी एक पान वाचायचं राहिलं. माझी चूक झाली, मी बोलायला पाहिजे होतं. त्या पानावर लिहिलंय की तुम्हाला वाटेल तेव्हा सोडता येतं. अंगठा दिला म्हणून बांधलेले नाही तुम्ही. सोडलं तरी हॉस्पिटल तुम्हाला टाकणार नाही. आणि हेही ऐका, गोळी खरी असेल तर ती तुम्हाला धरूनही असेल. सोडा असं मी म्हणत नाही. तुमच्या हातात आहे, एवढंच सांगायला आले."

यल्लाप्पा कोपरावर भार देऊन थोडे उठले. मग म्हणाले, "लिवलेलं हाय?"

"लिहिलेलं आहे."

"मग अंगठा मोडला असं न्हाई हुत."

"नाही होत."

एवढं झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते तुंगाबाईंना कळलं नाही.

पुढच्या खेपेला यल्लाप्पांनी डॉक्टरांना सांगितलं की मी गोळी सोडतो आणि बहिणीकडं जातो. डॉ. विद्याधर कारखानीस पुण्याचे, अभ्यासाचे मुख्य. माणूस सज्जन. त्यांनी खुर्ची ओढून यल्लाप्पांशेजारी बसून नीट विचारलं, तुमचा निर्णय पक्का आहे का. मग शेवटच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या विभागात त्यांना स्वतः घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुखणं थांबवायच्या मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या, वीस दिवसांच्या. संपायच्या आधी फोन करा, असं सांगितलं.

नागराजचा मात्र भडका उडाला. मदत कक्षासमोर, सगळ्या लोकांच्या देखत, तो तुंगाबाईंवर ओरडला. "तुम्ही कोण हो? डॉक्टर आहात? घरी येऊन माझ्या बापाच्या कानात भरवता? इथं दर चौदा दिवसांनी कुणीतरी त्यांना बघत होतं. तिथं गावात कोण बघणार? मारायला पाठवताय तुम्ही त्यांना!"

तुंगाबाई उभ्या राहून ऐकत राहिल्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "त्यांना विचारून बघ, नागराज." पण तोवर तो खुर्ची ढकलत निघून गेला होता.

यल्लाप्पा बहिणीकडं गेले आणि चोविसाव्या दिवशी वारले.

हे कळलं तेही नागराजकडूनच. अभ्यासातल्या उरलेल्या गोळ्यांच्या बाटल्या परत करायला तो जुलैत हॉस्पिटलात आला. या वेळी तो ओरडला नाही, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. समोरच्या बाकावर बसून तो सांगत राहिला. पहिले पंधरा-सोळा दिवस बरे गेले. अप्पा ओट्यावर बसायचे. आत्या पेज करून द्यायची. मग दुखायला लागलं, तसं दोनच्या जागी तीन गोळ्या दिल्या, आणि विसाव्याऐवजी अठराव्या दिवशीच त्या संपल्या. फोन केला, तर कुरियरनं त्या गोळ्या पाठवता येत नाहीत म्हणाले, तिथल्याच मोठ्या दवाखान्यात दाखवा. बेळगावला धावलो, तर एका ठिकाणी साठा नाही, दुसऱ्या ठिकाणी पेशंटला घेऊन या म्हणाले. पेशंट कसा न्यायचा? तो कूसही बदलू शकत नव्हता.

"शेवटचे पाच दिवस अप्पा ओरडत होते," नागराज म्हणाला. "अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं."

सोडता येतं हे सांगायला तुंगाबाई बोम्मसंद्रापर्यंत गेल्या होत्या. पण खानापूरच्या आडगावात गोळ्या संपल्यावर काय करायचं, हे विचारायचं त्यांनाही सुचलं नाही. तेही कुठल्यातरी पानावर असायला हवं होतं. पण ते पान चौदांतलं नव्हतं.

इथं गोष्ट संपवता आली असती. दिव्यश्री आता एकेक ओळ वाचत होती. यल्लाप्पांच्या प्रकरणानं तिला चांगलाच चटका बसला होता. फोन बाहेर ठेवून बसायची, अकरावं पान दोनदा वाचायची. "बघा अक्का, आता काही राहत नाही," असं म्हणायची. तुंगाबाईंच्या मनात यायचं, पोर सुधारली, मग उगाच तिचं वाटोळं कशाला करा?

पण आधीचे लोक होते. तुंगाबाईंनी आठवून आठवून एका वहीत नावं लिहिली, तेव्हा सोळा निघाली. त्या सोळांच्या अंगठ्याशेजारी त्यांची सही होती, आणि त्यातल्या कुणाला अकरावं पान ऐकवलं होतं आणि कुणाला नाही, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं.

"त्या सगळ्यांना पुन्हा सांग," त्या दिव्यश्रीला म्हणाल्या.

"सांगते, अक्का. पुढच्या खेपेला ज्याला त्याला सांगते."

महिनाभरानं विचारलं तेव्हा तिनं तिघांना सांगितलं होतं. "एकदम सगळ्यांना सांगितलं तर डॉक्टर विचारतील, आत्ताच का," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. घरी आजारी वडील होते, धाकटा भाऊ इंजिनियरिंगला. हे सगळं तुंगाबाईंना माहीत होतं. तिनं कधी चोरी केली नव्हती, कधी पेशंटवर आवाज चढवला नव्हता. एका म्हातारीला तर ती स्वतःच्या हातानं भरवताना तुंगाबाईंनी पाहिलं होतं.

ऑगस्टात तुंगाबाईंनी कन्नडात पत्र लिहिलं. अशा अभ्यासांवर नजर ठेवायला हॉस्पिटलात एक नीतिसमिती असते. तिच्या नावानं दीड पान. मी अमुक, निष्पक्ष साक्षीदार म्हणून सोळा सह्या केल्या. त्यांतल्या काही सह्या खोट्या आहेत, कारण सगळं वाचलं गेलं नसतानाही मी वाचलं गेलं असं लिहून दिलं. दिव्यश्रीचं नाव त्यांनी लिहिलं नाही. पण त्या अभ्यासाचे कागद वाचायला दुसरं कोण बसत होतं?

समितीनं बोलावलं तेव्हा लांबलचक टेबलाभोवती नऊ माणसं होती. डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त शिक्षिका. डॉ. कारखानीसही आले होते. त्यांनी मराठीतच विचारलं, "तुंगाबाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? मी लगेच करेक्ट केलं असतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नीट केलं असतं, हे मला माहीत आहे," तुंगाबाई म्हणाल्या. "पण माझी खोटी सही तुमच्या कपाटात तशीच राहिली असती."

वकीलबाईंनी विचारलं, "तुम्हाला कुणी सही करायला भाग पाडलं होतं का?"

"नाही."

"मग का केलीत?"

तुंगाबाईंना खूप काही सांगायचं होतं. सांगितलं एवढंच, "मला वाटलं, मी चांगल्या माणसांच्या बाजूला बसलेय."

समितीनं अभ्यास तीन आठवडे थांबवला. सोळांपैकी सात जण तोवर वारले होते. जिवंत नऊ जणांना दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या साक्षीदारासमोर, सगळी चौदा पानं पुन्हा वाचून दाखवली. त्यातल्या सात जणांनी पुन्हा अंगठा दिला. दोघं बाहेर पडले. त्यांतली एक कोलारची बाई म्हणाली म्हणे, "हे आधी सांगितलं असतं तर मी नातीच्या बारशाला गेले असते." दिव्यश्रीला या कामावरून काढलं. पुढं ती हासनला परत गेली, तिथं एका औषधांच्या दुकानात लागली असं कळलं. जायच्या दिवशी ती मदत कक्षासमोरून गेली. थांबली नाही. तुंगाबाईंनी हाक मारली, तीही तिनं ऐकली नाही, किंवा ऐकून पुढं गेली. तुंगाबाईंना पुन्हा साक्षीदार म्हणून कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी त्या गेल्या नसत्या.

दीड वर्ष गेलं. अभ्यास पुरा झाला. कोणाला कुठली गोळी होती त्याची यादी उघडली. या सगळ्या काळात नागराज दर दोन महिन्यांनी डॉ. कारखानीसांना फोन करून एकच विचारत होता, माझ्या बापाला खरी गोळी होती का साधी? आणि डॉक्टर दर वेळी सांगत होते, अजून सांगता येत नाही. यादी उघडल्यावर त्यांनीच त्याला बोलावून घेतलं.

तिथून तो सरळ मदत कक्षाशी आला. चेहरा ओढलेला, कानाशी केस पिकायला लागलेले. तुंगाबाईंना वाटलं, आता हा पुन्हा ओरडणार. पण तो बाकावर बसला.

"खरी गोळी होती," तो म्हणाला.

तुंगाबाईंनी मान हलवली.

"ज्यांना खरी होती ते सरासरीनं पाच आठवडे जास्त जगले म्हणाले डॉक्टर. त्यातले बरेच दिवस हॉस्पिटलात गेले, हेही म्हणाले. पण पाच आठवडे. तुम्ही घरी आला नसता तर?"

"मला माहीत नाही, नागराज. मी रोज विचार करते. मला उत्तर सापडत नाही. बोम्मसंद्राला येऊन सांगितलं ते चुकलं का, ते मला माहीत नाही. पण फेब्रुवारीतच सांगायला पाहिजे होतं, एवढं नक्की. तेव्हा ते चालत होते. तेव्हा बहिणीकडं जाऊन परत येऊ शकले असते. गोळी घ्यायची का नाही, दोन्ही बाजू बघून ठरवू शकले असते. खाटेला खिळल्यावर सोडता येतं म्हणून सांगायला गेले, त्यात सांगण्यासारखं उरलं काय होतं?"

नागराज म्हणाला, "त्या दिवशी मी पण होतो तिथं."

"होतास की."

"त्या मॅडमनी पानं उलटली ते मी बघितलं. मला वाचता येतं, अक्का. तिसऱ्या ओळीत होतं, सोडता येईल म्हणून. मी वाचलं ते. अप्पांनी ऐकलं असतं तर ते नको म्हणाले असते. गावाला जातो म्हणाले असते. म्हणून मी गप्प बसलो. पान उलटलं ते बरं झालं, असं वाटलं मला."

हात त्याच्या खांद्यावर ठेवावा असं तुंगाबाईंना वाटलं, आणि ठेवला नाही. दीड वर्ष ज्या माणसाच्या रागाखाली त्या वावरल्या, तो राग अर्धा त्याच्या स्वतःवरचाच होता, हे त्यांना आता कळलं. त्यानं जीव हलका झाला म्हणावं, तर तसंही झालं नाही. उलट त्या खोलीतली माणसं आठवली. वाचणारी, वाचता येणारा, ऐकून सही करणारी. तिघांनाही यल्लाप्पांचं भलंच व्हायला हवं होतं. आणि ज्याचं भलं करायचं होतं त्याला तेवढं विचारायचं राहून गेलं.

"हे समितीला सांगायचं का?" नागराजनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, अप्पांना सांगायला पाहिजे होतं."

दुपारच्या पाळीला जायचं म्हणून तो उठला. पिशवी उचलली आणि बाहेर पडला. तुंगाबाई खुर्चीतच बसून राहिल्या. खिडकीशी कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता, तीन वेळा झाला, कुणी उठलं नाही.